सोड म्हणलं की सोडणारं कुत्रं



आज ऊस-कांदा बाजूला ठेवतो. पंधरा दिवसांत चौघांनी विचारलं, "दादा, बिबट्या पार वस्तीपर्यंत येतोय, कुत्रं कडक करायचं कसं?" एकानं तर पिल्लाला माणसाच्या अंगावर सोडतानाचा व्हिडिओ पाठवलाय. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा माझं काय चुकलं ते इथंच लिहितो.

आमच्या वस्तीला तिन्ही बाजूंनी ऊस. आधीचं कुत्रं बिबट्यानं नेलं. सकाळी साखळी आणि रक्त, एवढंच सापडलं. बांधलेलं होतं, पळणार कुठं? पण तेव्हा मला राग बिबट्याचा आला, साखळीचा नाही. मग खंड्या आणला आणि ठरवलं, ह्याला वाघ करायचा. दिवसभर बांधून ठेवायचो. अनोळखी माणूस दिसला की "छू!" गोणपाट तोंडापुढं धरून ओढाताण करायची, गुरगुरला की भाकरी टाकायची. आल्या-गेल्याला सांगायचो, आपलं कुत्रं माणूस फाडील. अभिमान होता राव.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत रानात ऊसतोडीची टोळी होती. कोप्या बांधालाच. टोळीतली सात-आठ वर्षांची पोरगी हंडा घेऊन आमच्या नळावर आली. माझा पाच वर्षांचा नातू ओट्यावर खेळत होता. तो हसत म्हणला, "छू!" माझ्याच तोंडचा शब्द. त्याला ती गंमत वाटली. साखळीचा हूक नेमका निसटला आणि खंड्यानं पोरीची पिंढरी धरली.

मी "सोड, सोड" ओरडत पळालो. खंड्याला छू माहीत होतं. सोड हा शब्द मी त्याला कधी शिकवलाच नव्हता. मी जेवढा ओरडत होतो तेवढा तो जास्त आवळत होता. शेवटी तोंडावर पोतं टाकून जबडा सोडवला.

घरच्या मंडळींनी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली. मी पोरीला आणि तिच्या आईला मोटारसायकलवर सरकारी दवाखान्यात नेलं. लस, जखमेत सिरम, पुढच्या तारखा. येताना आई एवढंच म्हणली, "आज खाडा पडला, दादा." खाड्याचे पैसे मी दिले, सगळ्या तारखांना घेऊनही गेलो. पण पुढच्या हंगामात तीच टोळी आली तेव्हा ती पोरगी आमच्या नळावर आली नाही. लांबच्या वस्तीवरून पाणी आणायची.

लोक म्हणले, कुत्र्याला संपवा. पण शिकवलं कुणी? दहा दिवस खंड्याला नजरेखाली ठेवलं. तो ठणठणीत राहिला. मग पुण्याला असलेला भाचा मला एका रविवारी कुत्र्यांच्या सरावाच्या मैदानावर घेऊन गेला. तिथं मी पहिल्यांदा राखणीच्या कुत्र्यांचा खेळ पाहिला.

हा खेळ मूळचा जर्मनीचा. त्याचं जुनं नाव शुत्झहुंड, म्हणजे राखणीचं कुत्रं. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी जर्मन शेफर्डची संघटना काढली. कुत्रं नुसतं दिसायला देखणं नको, कामाचं हवं, म्हणून ही परीक्षा आली. आता तिला आयजीपी म्हणतात. तीन भाग, प्रत्येकी १०० गुण, आणि पास व्हायला प्रत्येक भागात किमान ७० लागतात.

पहिला भाग माग काढायचा. रानात माणूस चालून जातो, वाटेत वस्तू टाकतो. कुत्र्यानं नाक जमिनीला लावून पाऊल न् पाऊल जायचं आणि वस्तू सापडली की खुणेनं दाखवायची. दुसरा भाग आज्ञेचा. पायाशी चालणं, बसणं, हाक मारली की येणं, अडथळ्यावरून उडी मारून लाकडी डंबेल आणणं. बंदुकीचा बार झाला तरी बिथरायचं नाही.

तिसरा भाग राखणीचा. मला वाटलं, आता फाडाफाडी बघायला मिळणार. पण झालं उलटंच. आडोशामागं माणूस लपलेला असतो. कुत्र्यानं त्याला शोधायचं आणि समोर उभं राहून भुंकायचं. तो गप उभा असेल तर दात लावायचा नाही. तो पळाला किंवा अंगावर आला तरच धरायचं, तेही हातावरची जाड बाही. माणूस थांबला, मालक म्हणला सोड, की सोडायचं आणि नजर ठेवून उभं राहायचं. एकदा सांगून, वर दोनदा सांगूनही सोडलं नाही तर कुत्रं स्पर्धेतून बाद. कितीही जोरात धरलं असलं तरी बाद.

मी तिथं खाली बसलो. माझा खंड्या पहिल्याच मिनिटाला बाद झाला असता, आणि त्याच्याआधी मी.

आपल्या शेजारच्या बीड पोलिसांचा रॉकी आठवा. २०२० च्या ऑगस्टमध्ये 'मन की बात'मध्ये त्याचं नाव आलं होतं, ३०० हून जास्त गुन्ह्यांच्या तपासात त्यानं मदत केली म्हणून. असल्या कुत्र्याची किंमत नाकाची आणि शिस्तीची असते.

आता बिबट्याचं. आपल्याच अकोले भागात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास केला, तो २०१४ साली छापून आला. बिबट्याच्या खाण्यात वजनानं ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली, त्यात एकटी कुत्री ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट, पण खाण्यात फक्त ११ टक्के. कारण शेळी रात्री गोठ्यात असते, कुत्रं उघड्यावर. म्हणजे जे आपण राखणीला ठेवतो तेच त्याचं जेवण. कुत्रं कितीही कडक केलं तरी बिबट्यापुढं टिकत नाही. त्याचं काम भुंकून आपल्याला उठवायचं. मैदानावर पाहिलं ते हेच, शोध आणि भुंक.

खंड्याला सोड शिकवायला मला चार महिने लागले. गोणपाट तेच. फक्त आता ओढायचं नाही, गप धरून उभं राहायचं, "सोड" म्हणायचं, सोडलं की लगेच भाकरी. मार अजिबात नाही. नव्वद टक्के जमलंय. राहिलेल्या दहा टक्क्यांसाठी पोरंसोरं आली की तो आजही जाळीत असतो.

गेल्या श्रावणात एका रात्री तो जाळीतून अर्धा तास भुंकला. बॅटरी लावून आरडाओरडा केला. सकाळी गोठ्यामागं चिखलात ठसे होते. खंड्या शाबूत, शेळ्या शाबूत.

ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी:

१. रात्री कुत्रं साखळीला नको. वरूनही बंद असलेली मजबूत जाळी करा.
२. आधी "सोड", "ये", "बस". "छू" शिकवूच नका, पोरांच्या तोंडी तर येऊच देऊ नका.
३. स्पर्धेतलं धरायचं शिक्षण जाणत्याच्या हाताखालीच. मोबाईलवर बघून नाही. कुत्र्यांच्या झुंजी लावणं तर १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे.
४. रेबीजची लस दरवर्षी. तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहा.
५. चावलं तर हळद, चुना, मिरची काही लावू नका. साबण, पाणी, पंधरा मिनिटं, मग थेट दवाखाना.

ज्या भावानं व्हिडिओ पाठवला, त्याला एकच विचारतो. तुझं पिल्लू धरतंय झकास. आता सोड म्हणून बघ. सोडलं का, ते मला कळव.