डावा अंगठा

आमच्या दारापासून मंडईच्या पहिल्या गाळ्यापर्यंत ६१२ पावले होतात. शुक्रवार पेठेत चाळीस वर्षे काढूनही ही गोष्ट मला गेल्या जूनपर्यंत ठाऊक नव्हती. ज्याचे पाय धड असतात तो पावले मोजीत नाही. खिसा भरलेला असला म्हणजे माणूस सुटी नाणी मोजीत नाही, त्यातलाच हा प्रकार.

मी मूळचा भरभर चालणारा. तास संपल्यावर शंका विचारायला मागे येणारे विद्यार्थी माझ्याबरोबर चालता चालता निम्म्या जिन्यातच नाद सोडीत, आणि आपल्या शिकवण्यात शंकेला जागाच उरत नाही असा माझा गोड गैरसमज होई. मंडईतही माझा तोच खाक्या. यादी खिशात, पिशवी खांद्याला. पंधरा मिनिटांत भाजी घेऊन परत. पूर्वी आई बरोबर यायची, पण ती नेहमी दहा पावले मागे. शिवाय प्रत्येक पाटीपाशी थांबून घासाघीस. चार लिंबांसाठी दहा मिनिटे! मला शरमल्यासारखे होई. "आई, दोन रुपयांनी काय होतंय?" असे मी म्हणे, आणि ती हसून पुन्हा लिंबे चाचपू लागे. शेवटी आम्ही दोघांनी न बोलता वाटणी करून घेतली. रविवारी सकाळी मी जाई, एरवी संध्याकाळी ती एकटी.

तीनएक वर्षांपूर्वी माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी एक उंचवटा दिसू लागला. आधी बूट चावला असे वाटले. मग बूट बदलले, चपला बदलल्या, मोजे बदलले. दुखणे काही बदलेना. अंगठा शेजारच्या बोटाकडे असा झुकू लागला, की जणू त्याला त्याच्या कानात काही सांगायचे आहे. तासाला उभा राहिलो की वीस मिनिटांत सगळे लक्ष कवितेवरून निघून बुटात जाई. शेवटी आमच्या सौ.ने मला न विचारताच डॉक्टरांची वेळ घेतली. आई हट्टाने बरोबर आली.

डॉक्टरांनी पडद्यावर माझ्या पायाचे क्ष-किरण चित्र लावले. एका पावलात २६ हाडे असतात. त्यांतले अंगठ्यामागचे लांब हाड हळूहळू एका बाजूला सरकते, अंगठा दुसऱ्या बाजूला कलतो, आणि मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. आपल्याला दिसतो तो उंचवटा हा. ते लांब हाड कापायचे, सरकवून सरळ करायचे आणि बारीक स्क्रूंनी बसवायचे, हा त्यावरचा इलाज. सुतारकामच म्हणा ना.

"अरुंद बुटांनी हे वाढतं," डॉक्टर म्हणाले, "पण पायाची ठेवण पुष्कळदा घराण्यातूनच येते. घरात आणखी कुणाचा अंगठा असा आहे?"

"नाही," मी ठामपणे सांगितले. मराठीच्या प्राध्यापकाला ठामपणाची सवय असते.

शेजारी बसलेल्या आईने काही न बोलता चपलेतून डावा पाय काढला आणि निऱ्या जरा वर धरून तो पुढे ठेवला. तिचा अंगठा माझ्यापेक्षा किती तरी अधिक वळलेला होता. शेजारचे बोट बिचारे त्याच्यावर चढून बसले होते. डॉक्टर तिच्या पायाकडे पाहत राहिले, आणि मी जमिनीकडे. दर पाडव्याला, दर दसऱ्याला, प्रत्येक परीक्षेला जाताना मी या पायांवर डोके ठेवलेले होते. पण डोके ठेवताना आपले डोळे मिटलेले असतात.

"गेल्या दिवाळीत यानं कारीट उजव्या पायानं फोडलं," आई डॉक्टरांना सांगत होती. "तेव्हाच म्हटलं, याचाही आला."

आईचे माहेर रत्नागिरीकडचे. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानाच्या वेळी कारीट हे कडू फळ नरकासुर समजून डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडायचे, ही तिकडची रीत तिने पुण्यातही सोडलेली नाही. गेल्या वर्षी त्या पहाटे डावा पाय ठणकत होता, म्हणून मी गुपचूप उजवा वापरला होता. मला वाटले होते, कुणी पाहिले नाही.

मेच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली. ती मला कळलीही नाही. कळले ते त्यानंतरचे सहा आठवडे. पाय उशांच्या चळतीवर, आणि उठायचे झाले तर एक चमत्कारिक बूट घालून केवळ टाचेवर भार द्यायचा. दोन आठवड्यांनी टाके निघाले. सहाव्या आठवड्यात दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या. आळंदीपासून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. लाखो माणसे ते अंतर पायी तोडायला निघाली होती; पुण्यातली माणसे त्यांचे पाय चेपून देत होती, कुणी फुकट चपला शिवून देत होते. आणि मी? बैठकीच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत १९ पावले. माझी वारी तेवढी.

या दिवसांत गॅलरीतली खुर्ची हेच माझे जग होते. रोज पाच वाजता आई पिशवी घेऊन निघे आणि साडेसहाला परते. ती कोपऱ्यावर दिसेनाशी झाली की मला काय वाटे, ते नीट सांगता येणार नाही. दु:ख नव्हे. हेवाच म्हणा. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई मंडईत जाऊन येते, आणि सत्तेचाळीस वर्षांचा गृहस्थ तिने आणलेल्या मेथीवरून आज बाजारात काय आले असेल याचा तर्क करतो! घरात सगळे माझ्याशी फार चांगले वागत. पाणी हातात, चहा हातात, पुस्तक हातात. त्या चांगुलपणाने मी दिवसेंदिवस चिडका होत गेलो. माणसाला कोंडायला कुलूपच लागते असे नाही. काळजीनेही ते काम होते.

मग व्यायाम सुरू झाले. फरशीवर टॉवेल पसरून तो पायाच्या बोटांनी गोळा करायचा. मुलाच्या जुन्या गोट्या बोटांनी उचलून वाटीत टाकायच्या. अंगठा हाताने धरून वर वाकवायचा. या निमित्ताने मी पावलाविषयी पुष्कळ वाचले, आणि इतके दिवस आपण केवढ्या यंत्रावर उभे होतो या विचाराने थक्क झालो. अंगठ्याच्या सांध्याखाली दोन इवलीशी हाडे असतात. वैद्यकात त्यांना तिळावरून नाव पडले आहे. आपण पाऊल उचलतो तेव्हा शेवटचा रेटा अंगठाच देतो, आणि त्या वेळी त्या दोन तिळांवर किती तरी भार येतो. अंगठा वर वाकला की तळव्यातला चिवट पट्टा त्याच्याभोवती ओढला जातो आणि पावलाची कमान उचलली जाते. हिक्स नावाच्या संशोधकाने १९५४ साली ही करामत मांडली, आणि तिला दोर गुंडाळणाऱ्या रहाटाचीच उपमा दिली. म्हणजे प्रत्येक पावलागणिक आपण एक रहाट फिरवतो. माझा रहाट गंजला होता, एवढेच.

हाड जुळले, दुखणे गेले. लंगडणे मात्र जाईना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला खोलीत दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही अजून जुन्याच दुखण्याला सांभाळून चालताय. भार सगळा बाहेरच्या कडेवर टाकताय. अंगठ्यावर या. रोज बाहेर पडा, पण सावकाश. घरात कुणी सावकाश चालणारं आहे का? त्यांच्याबरोबर जा."

होते ना.

त्या दिवशी पाच वाजता मी आईबरोबर निघालो. मनाशी पावले मोजीत होतो. तिने माझ्याकडे पाहिले नाही की हात धरला नाही. नेहमीसारखी चालू लागली. शंभरेक पावलांवर लिंबे-मिरच्यांची पाटी. माझे पाऊल जड होत आले होते, तेवढ्यात आई थांबली. "कशी दिली रे?" झाली घासाघीस सुरू. मी पाय बदलून उभा राहिलो. बरे वाटले. पुढे दीडशे पावलांवर लसूणवाल्या मावशी. त्यांनी आईला पाहताच न सांगता एक प्लॅस्टिकचा क्रेट पालथा घातला, आणि आई त्यावर बसून लसणाच्या पाकळ्यांविषयी तक्रार करू लागली. तिसरा मुक्काम टिळकांच्या पुतळ्याच्या अलीकडे, फुलवाल्याकडे. चौथा आत, उंच गाळ्याच्या कडेला हात टेकून. माझा पाय जिथे जिथे कुरकुरू लागे, तिथे तिथे आईला काही ना काही भाव करायचा असे. पहिल्या दिवशी मी तो योगायोग समजलो. तिसऱ्या दिवशी योगायोगावरचा माझा विश्वास उडाला.

आई गाळ्यापाशी होती, तेव्हा मी वर पाहिले. ही अष्टकोनी दगडी इमारत आणि तिचा मनोरा मी लहानपणानंतर मान वर करून पाहिलाच नव्हता. १८८६ साली ती उघडली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिचे नाव 'रे मार्केट' होते. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिलाच महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. दर वर्षी ही कथा मी वर्गात रंगवून सांगतो, आणि दर रविवारी त्याच इमारतीखालून खाली मान घालून धावत जातो. आता तर २०२४च्या सप्टेंबरापासून जमिनीखालून मेट्रोही धावते आहे. धावणाऱ्यांची इथे वाण नाही.

परतताना आई पुढे झाली आणि मी लिंबेवाल्याला हळूच म्हणालो, "आजी फार भाव करतात ना? त्रास होत असेल तुम्हांला."

तो हसला. "भाव कुठं करतात, सर? नुसतं बोलतात. देताना सांगितले तेवढेच पैसे देतात. दम घ्यायला थांबतात त्या."

घरी येईपर्यंत मी काही बोललो नाही. जिन्याशी आल्यावर म्हटले, "पाय इतका दुखतो, तर इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं?" आई म्हणाली. "रस्त्यात नुसतं उभं राहिलं, तर येणारा-जाणारा विचारतो, आजी, बरं वाटत नाही का? रिक्षा बोलावू का? भाव करणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही. आणि तुला सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून भाजी फोनवरून घरी आली असती."

खिशातल्या फोनवर माझा हात होता. अगदी तेच करायचे माझ्या मनात होते. मी हात काढून घेतला. महिनाभरापूर्वी हे तिने सांगितले असते, तर मला ते पटले नसते. पण गॅलरीतल्या खुर्चीने मला ते आधीच शिकवले होते. तिची मंडई भाजीसाठी नव्हतीच. पाच वाजता कुणाच्या आधाराविना दाराबाहेर पडता यावे, एवढ्यासाठी ती वर्षानुवर्षे दोन रुपयांसाठी भांडणारी कंजूष बाई म्हणवून घेत होती. आणि तसे म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो.

तिलाही एकदा डॉक्टरांना नीट दाखवू या, असे मी सुचवून पाहिले. "आता राहू दे," ती म्हणाली. "मी आणि तो अंगठा, आम्ही एकमेकांना सांभाळून घेतलंय." पुढून रुंद, मऊ तळाची चप्पल मात्र तिने घेतली. घेताना दुकानदाराशी इतकी हुज्जत घातली, की तिला खरोखरच ती हवी आहे याची माझी खात्री पटली.

तेव्हापासून आम्ही दोघे बरोबर जातो. तिच्या बरोबरीने चालले म्हणजे माझी ६१२ पावले ७९० होतात. संध्याकाळी पाऊल अजून थोडे सुजते. ते वर्षभर चालायचे, असे डॉक्टर म्हणतात. अंगठा पूर्वीइतका वाकत नाही, पण रहाटाने पाणी काढायला सुरुवात केली आहे. गणपतीत मंडईच्या शारदा-गजाननासमोर त्या गर्दीत अर्धा तास उभा राहिलो, आणि पायाची आठवण घरी येऊन चपला काढताना झाली. मग केव्हा तरी एकदा पावले मोजायचे राहूनच गेले. तो दिवस कोणता, ते सांगता येत नाही. सांगता येत नाही, हेच त्याचे लक्षण.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी दारात आलेली असेल. परवाच आईने लिंबेवाल्याला बजावून ठेवले, "कारीट आणशील ना, तेव्हा दोन चांगली बघून बाजूला ठेव. कोवळी नकोत. यंदा डाव्या पायानं फोडायची आहेत."

"दोन कशाला, आजी? दर वर्षी एकच नेता की."

"एक त्याला, एक मला," आई म्हणाली, आणि मग नेहमीच्या सुरात विचारले, "कशी देणार?"

मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्याबरोबर मीही भाव करू लागलो.