वादीचे यंत्र

आमच्या कारखान्याला कारखाना म्हणावयाचे ते केवळ दारावरील पाटीच्या भिडेखातर. बेळगावातल्या एका जुन्या गल्लीत दोन खणांची जागा. एका खणात कातडे, दुसऱ्यात माणसे. ढोलांचे खांद्यावरचे पट्टे, पखवाजाच्या नि घुंगरांच्या वाद्या, आणि अलीकडे पोटासाठी म्हणून कमरपट्टे व पिशव्यांचे बंद, एवढाच आमचा माल. आजोबांच्या काळी हे कमरपट्ट्यांचे प्रकरण नव्हते. त्यांनी ज्या मृदंगाची वादी ओढावी तो सभामंडपात वाजे, आणि आजोबा तो बाहेर दीपमाळेपाशी उभे राहून ऐकत. पुढे दारे उघडली, वडील आत गेले. पण ऐकावयाची त्यांची सवय मात्र दीपमाळेपाशीच राहिली.

२०२२ च्या दिवाळीनंतर गोव्याहून एक मागणी आली. शिगम्याच्या रोमटामेळांसाठी बारा सूत, म्हणजे दीड इंच रुंदीचे तीनशे पट्टे आणि पायांतल्या घुंगरांसाठी चार सूत रुंदीच्या सहाशे वाद्या, सारे फाल्गुनापूर्वी चोर्ला घाट उतरून गेले पाहिजे. एवढी मोठी मागणी आमच्या पाटीने आजवर पाहिली नव्हती. मी होकार कळवला आणि मग आप्पांच्या हाताकडे पाहिले.

आप्पा आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून आहेत. वय अडुसष्ट. रांपी धरून सरळ रेघेत पाच फूट कातडे उतरवणारा त्यांच्यासारखा दुसरा हात मी पाहिलेला नाही. परंतु त्या वर्षी त्यांचा अंगठा थरथरू लागला होता. ते तो कोणाला दिसू देत नसत. चहाचा पेला दोन्ही हातांनी धरीत आणि थंडीचे निमित्त सांगत. नवी मुले ह्या कामाला येत नाहीत. आली तरी वास सोसून महिनाभर टिकत नाहीत. तेव्हा यंत्र आणणे भाग होते. प्रश्न राहिला तो एवढाच, की जुने आणावे की नवे?

हे यंत्र दिसावयास अगदी साधे. एकावर एक असे दोन दांडे, त्यांवर गोल पाती ओवलेली. वरचे पाते खालच्या पात्यात किंचित शिरते आणि कात्रीसारखे कापते. दोन पात्यांमध्ये लोखंडी कड्या घालावयाच्या. जितकी कडी रुंद तितकी वादी रुंद. एका बाजूने कातडे सारले की दुसऱ्या बाजूने वाद्या बाहेर येतात. ह्यात फसण्यासारखे काय आहे, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते.

पहिले जुने यंत्र कोल्हापूरकडे एका दलालापाशी पाहिले. हिरवा रंग इतका ताजा, की बोटाला लागावा. मी त्या रंगावर जवळजवळ भाळलो होतो. आप्पांनी काय केले, तर तेथलाच एक पाना उचलला आणि यंत्राच्या बिडाच्या अंगावर चहूकडे हलके हलके ठोके दिले. तीन पायांतून घंटेसारखा नाद आला. चौथ्यातून फुटक्या मडक्यासारखा. आप्पा म्हणाले, "बाळ, ह्याचा सूर फुटलाय. चल." रंग खरवडून पाहिला तर खाली भेग होती, आणि ती पितळेने सांधून वर रंग चढवला होता. फौंड्रीत ओतीव काम तपासताना असेच ठोकून पाहतात, हे मला मागाहून कळले. आप्पांनी ही विद्या पखवाजाच्या खोडावर मिळवली होती.

नंतर मुंबईला गेलो. एका विक्रेत्याकडे नवे यंत्र पाहिले. किंमत अडुसष्ट हजार. घरच्या विजेवर चालणारे, पात्यांवर जाळी बसवलेली, पायाशी बंद करण्याची कळ, वर्षाची हमी. खरे सांगावयाचे तर मला ते मनापासून आवडले. विशेषतः ती जाळी. पातळ कातडे त्याने लोण्यासारखे कापले. मग आप्पांनी पिशवीतून आमचा स्वतःचा तुकडा काढला, म्हशीच्या पाठीचा, हिरडा-बाभळीत कमावलेला. मोटर कण्हली आणि वादीची एक कड तिरपी उतरली. विक्रेता सौजन्याने म्हणाला, की आपल्या कामाला वरचे मॉडेल हवे. वरच्या मॉडेलची किंमत त्याने सांगितली, आणि आम्ही त्याचा चहा पिऊन बाहेर पडलो.

धारावीत एक कारखाना बंद होत होता. तेथील यंत्र कळकट होते, त्याला रंग असा नव्हताच. पण चारही पाय एका सुरात बोलले. कड्यांची पेटी जवळजवळ पूर्ण होती. पाती झिजली होती, तरी पुन्हा दोन-तीनदा धार लावण्याइतके लोखंड त्यांवर शिल्लक होते. आमचा तुकडा सारून वादी काढली आणि उजेडापुढे धरली, तर तिची कड सरळ नव्हती. साधारण फूटभर अंतराने ती आत जाई, पुन्हा बाहेर येई. पात्याचा घेर तेवढाच. म्हणजे दर फेऱ्याला एकदा चूक होत होती. म्हणजे दांडा वाकलेला. मालकाने ते नाकारले नाही. तीस हजारांचे सव्वीस झाले.

येथे माझा निर्णय आमच्या गावामुळे झाला, हे कबूल केले पाहिजे. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्र्या आहेत, लेथ आहेत, आणि वाकलेला दांडा समोर ठेवला की तसाच नवा उतरवून देणारी माणसे आहेत. ज्या गावात हे नाही, तेथल्या कोणी मला सल्ला विचारला तर मी त्याला मुकाट्याने नवे यंत्र घ्यावयास सांगेन. नवा दांडा सहा हजार, घरच्या विजेची मोटर आठ, धार आणि पत्र्याची जाळी मिळून तीन, वाहतूक चार. सव्वीसाचे सत्तेचाळीस झाले. शिवाय अठरा दिवस गेले. ते दिवस कोणत्या खात्यात मांडावेत हे मला अजून समजलेले नाही, कारण त्या प्रत्येक रात्री मी चोर्ला घाट उतरत होतो आणि हात रिकामे होते.

जाळीवाचून यंत्र सुरू करावयाचे नाही, ही एकच अट मी घातली. आप्पा हसले. पन्नास वर्षे रांपीशी खेळलेल्या माणसाला जाळी म्हणजे पोरखेळ. पण तो अंगठा मला दिसत होता.

यंत्र सुरू झाले त्या दिवशी उत्साहाच्या भरात कातडी मीच सारली. संध्याकाळपर्यंत साठ पट्टे. सगळे एका रुंदीचे, एका कडेचे, जणू जुळी भावंडे. मी आप्पांना बोलावले. त्यांनी एकेक पट्टा दोन्ही हातांत धरून वाकवला, ताणला आणि अकरा पट्टे बाजूला टाकले. "हे पोटाचे. ढोल तासभर खांद्यावर राहिला, की हे वीतभर लांबणार."

कातड्याची पाठ घट्ट असते आणि पोट सैल, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. रांपीने कापताना हाताला ते आपोआप कळते. पोटाशी येताच कातडे मऊपणाने सरकते आणि हात थांबतो. यंत्राला पाठ आणि पोट सारखेच. मिरवणुकीत, देवळाच्या पायऱ्यांशी, कोणाच्या खांद्यावरून ढोल घसरला असता, तर तो आमच्या पाटीसह घसरला असता. त्या अकरा पट्ट्यांचे मी पिशव्यांचे बंद केले.

तेव्हापासून काम वाटले गेले आहे. कातडे आल्यावर आप्पा ते उजेडात पसरतात, गोचिडीची भोके आणि जुवाचे वळ खडूने घेरतात, पाठ आणि पोट अलग करतात, आणि कण्याला धरून पहिली सरळ कड रांपीने काढतात. ती कड वाकडी गेली तर यंत्रातून निघणारी प्रत्येक वादी तशीच वाकडी निघते. त्यापुढचे यंत्र करते. पखवाजाची वादी मात्र आप्पा यंत्राजवळ फिरकू देत नाहीत. ती कच्च्या कातड्याची, आणि तिची घडण निराळी.

माल फाल्गुन लागण्यापूर्वी चार दिवस रवाना झाला. पुढल्या वर्षी तेथूनच पुन्हा मागणी आली, ह्या वेळी चारशे पट्ट्यांची. पाती परवा धारेला दिली आहेत. लेथवाला म्हणतो, अजून एकदा चालतील.