घेऊन दाखवा बघू

शिरोळ तालुक्यात माझं मेडिकल आहे. ऊस तुटून शेतात पाचट पेटायला लागलं की आमच्याकडं दम्याच्या पंपाची विक्री वाढते. पंप नेणाऱ्याला मी एवढंच म्हणतो, ‘घेऊन दाखवा बघू.’

चिठ्ठीवरून जे कळत नाही ते तेव्हा कळतं. एक काका रोटाकॅप, म्हणजे यंत्रात घालून ओढायच्या पावडरची कॅप्सूल, पाण्याबरोबर गिळत होते. आता कॅप्सूल म्हटल्यावर माणूस गिळणारच! दुसरे एक जण यंत्र तोंडात धरून आतच फुंकायचे. पावडर जोरात ओढायची असते, फवाऱ्याचा पंप मात्र सावकाश, खोलवर. मग दहा मोजेपर्यंत श्वास रोखायचा. यात उलटसुलट झालं की औषध घशातच बसतं आणि बोल डॉक्टरांना लागतो.

गुण आला तर वेगळीच पंचाईत. सूज उतरवणारा रोजचा स्टेरॉइडचा पंप बंद होतो आणि लगेच मोकळं करणारा तेवढा चालू राहतो. एकाच घरात तो पुन्हा पुन्हा जायला लागला की मी बिल करण्याआधी चौकशी करतो. नुसत्या त्याच्यावर दमा भागवू नये, असं जागतिक मार्गदर्शक सूचनाही 2019 पासून सांगतात.

‘पंपाची सवय लागते, गोळीच द्या,’ हे बाजारच्या दिवशी तर हमखास. मग मी साल्ब्युटामॉलच्या गोळ्यांची पट्टी आणि पंप शेजारी शेजारी ठेवतो. गोळीत 4 मिलिग्रॅम, एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम. म्हणजे चाळिसावा हिस्सा. गोळी रक्तातून अंगभर फिरते, म्हणून हात कापतात, छाती धडधडते. एवढं ऐकून सगळ्यांना पटतंच असं नाही, पण बरेच जण पंप नेतात.

आमच्या एका आजींनी जन्मात विडी ओढली नाही, फक्त चुलीपुढं आयुष्य काढलं. त्यांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाचा जुनाट धापेचा आजार आहे. एकदा त्यांच्या सूनबाई काचबिंदूच्या थेंबांची चिठ्ठी घेऊन आल्या. टिमोलॉल. डोळ्यात घातलेला हा थेंबही रक्तात उतरतो आणि श्वासनलिका आवळू शकतो. मी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. आजींनी तिथं धापेचं सांगितलंच नव्हतं. डोळे दाखवायला गेल्यावर छातीचं कशाला बोलायचं? डॉक्टरांनी लगेच दुसरे थेंब सुचवले. मी फोनवरच नाव लिहून घेत होतो, तेवढ्यात सूनबाई पिशवी उचलत म्हणाल्या, ‘नसलं तर राहू द्या की, जयसिंगपुरातनं घेतो.’