चिलीम, नै आणि पाणी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बँकेने माझी बदली हरियाणात, जींद जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत केली. माझ्याकडे शेतीकर्जाचं काम होतं. म्हशीसाठी, ट्रॅक्टरसाठी, ट्यूबवेलसाठी कर्ज. कागदपत्रं शाखेत व्हायची, पण कर्ज कुणाला द्यावं आणि वसुलीला कुणाच्या शब्दाने जावं हे गावातल्या बैठकीत बसल्याशिवाय कळायचं नाही. बैठक म्हणजे घराच्या पुढल्या अंगाची पुरुषमंडळींची खोली. चार-पाच खाटा टाकलेल्या आणि त्यांच्या मधोमध हुक्का. मी गेलो की ‘राम-राम’ होई, कुणीतरी सरकून जागा करी आणि हुक्क्याची नळी माझ्याकडे वळे. ‘आ जाओ मनीजर साब, घूंट मार ल्यो.’ मी मॅनेजर नव्हतो, पण गावाने एकदा ठरवलं की ठरलं.

पहिल्या हिवाळ्यात मी दोन-चार झुरके घेतलेही. घशाला मिरची लागावी तसा तो तंबाखू होता. ओढण्यात माझं मन कधी रमलं नाही. रमलं ते भरण्यात. ज्यांच्या बैठकीत मी सगळ्यात जास्त बसलो त्या ताऊंचा (वडीलधाऱ्या माणसाला तिथे ताऊ म्हणतात) नातू रोज सकाळी हुक्का भरायचा, आणि त्याचं ते काम बघत बसणं मला फार आवडायचं. पुढे ताऊंनीच मला शिकवलं. ‘बैठणे वाला भी भर लिया करै’, असं म्हणून चिलीम माझ्या हातात दिली.

हुक्क्याची रचना साधी आहे. खाली पाण्याचं पितळी भांडं. त्यातून सरळ वर जाणारी लाकडी नळी, तिच्या डोक्यावर मातीची चिलीम. भांड्याच्या खांद्यातून तिरकी बाहेर आलेली दुसरी लांब नळी, तिला तिथे नै म्हणतात. उभ्या नळीचं खालचं टोक पाण्यात बुडलेलं असतं आणि नैचं टोक पाण्याच्या वरच राहतं. सगळी करामत या दोन टोकांच्या उंचीत आहे. नै ओढली की पाण्यावरची हवा विरळ होते. ती पोकळी भरायला बाहेरची हवा निखाऱ्यांतून, तंबाखूतून, उभ्या नळीतून खाली येते आणि पाण्यातून बुडबुडे होऊन वर निघते. गुडगुड आवाज तो हाच. बुडबुडा पाण्यातून जाता जाता धूर गार होतो आणि ओलसर होतो, म्हणून तो विडीसारखा चटका देत नाही.

सकाळचं पहिलं काम कालचं पाणी ओतून देणं. रात्रभर राहिलेलं ते पाणी पिवळट-तपकिरी असे आणि त्याला जो वास येई तो एकदा नाकात बसला की जाता जात नाही. भांडं हापशाखाली दोन-तीनदा खळबळून घ्यायचं, नैतून पाणी सोडून तीही धुवायची. नैवर गुंडाळलेलं कापड ओलं करायचं. याला हुक्का ‘ताजा करणं’ म्हणतात. मग नवं पाणी भरायचं, ते मात्र मोजून. उभ्या नळीचं टोक दोनएक बोटं बुडेल इतकंच. जास्त झालं की ओढताना छातीला ताण बसतो, कधी पाणीच तोंडात येतं. कमी झालं की गुडगुड होत नाही आणि धूर कोरडा, गरम येतो. नातू प्रत्येक वेळी रिकामी नळी बसवून एकदा ओढून बघायचा. आवाज भरीव आला तर ठीक, नाहीतर वाटीभर पाणी इकडे किंवा तिकडे.

यानंतर चिलीम. तिच्या तळाला भोक असतं. त्यावर चुगल ठेवायचा, म्हणजे भाजलेल्या मातीचा किंवा दगडाचा एक लहानसा खडा, ज्याच्या कडेने हवा जाईल पण तंबाखू खाली पडणार नाही. ताऊ हा खडा फार जपत. नवा चुगल नीट बसायला दिवस लागतात म्हणत. तंबाखू म्हणजे कुटलेली पानं, गुळाच्या काकवीत मळलेली. काळा, चिकट गोळा. त्यातला लिंबाएवढा तुकडा घेऊन बोटांनी मोकळा करायचा आणि चिलमीत सैलसर पसरायचा. दाबायचा अजिबात नाही. दाबला की हवेला वाट राहत नाही, वरचा थर जळून कोळसा होतो आणि खालचा तसाच कच्चा राहतो.

आणि शेवटी आग. हरियाणवी घरात अंगणाच्या कोपऱ्यात हारा असतो, मातीने लिंपलेली खोल शेगडी. तिच्यात शेणाच्या गोवऱ्या दिवसभर धुमसत राहतात आणि वर मडक्यात दूध तापत राहून तांबूस होतं. चिलमीचा विस्तव याच हाऱ्यातून यायचा. गोवरीचा निखारा मऊ असतो, एकसारखा तापतो, तंबाखूला भाजून न काढता शिजवतो. पण तो पुरता पेटलेला हवा. धुरकट निखारा ठेवला तर पहिला झुरका शेणाच्या धुराचा. नातू चिमट्याने निखारा उचलून त्यावर फुंकर मारायचा, राख उडून आतला लाल गाभा दिसला की मगच तो चिलमीवर ठेवायचा. मग भरणाऱ्यानेच पाच-सात दम ओढून हुक्का चालू करायचा. गूळ वितळल्याचा गोडसर वास आला, धूर पांढरा निघाला, की नै घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाकडे फिरवायची. मला हे शेवटचे दम जमायचे नाहीत, ते काम नातू करी. बाकी सगळं मी शिकलो, आणि बैठकीत त्याचं कौतुकही झालं.

या भरण्यात जी आस्था होती ती मला मनापासून आवडली. आलेल्याला आधी पाणी, मग चहा आणि मग ताज्या पाण्याचा हुक्का. शिळा हुक्का पुढे केला तर तो अपमान. नै फिरायची ती वयाच्या क्रमाने, आणि ती आपल्याकडे येईपर्यंत मधे तोडून बोलायचं नाही असा संकेत. कैक भांडणं, बांधांचे वाद मी त्या गुडगुडीच्या लयीत मिटताना पाहिले आहेत.

पण त्याच बैठकीत मी आणखी एक गोष्ट पाहिली आणि ती न सांगणं खोटेपणाचं होईल. नै सगळ्यांकडे फिरत नसे. शेतावर राबणारा माणूस हिशेबाला आला की उंबऱ्याशी बसे. त्याला हुक्का मिळायचाच असेल तर नै काढून नुसती चिलीम त्याच्या हातात दिली जाई. मी परगावचा, परप्रांताचा, पण बँकेचा साहेब, म्हणून माझ्या तोंडाला नै लागत होती. पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात राहिलेल्या माणसाला नाही. ‘हुक्का-पाणी बंद’ ही शिक्षा याच रचनेतून आली. बिरादरीने एखाद्या घराचा हुक्का बंद केला की त्या घराशी बोलणं, सोयरीक, शेतीची देवघेव सगळं थांबे. आपण याला वाळीत टाकणं म्हणतो आणि महाराष्ट्राने 2016 मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्याची बातमी वाचली तेव्हा मला उंबऱ्याशी बसलेला तो माणूस आठवला.

बैठकीत एक निवृत्त मास्तर येत. हुक्का अकबराच्या हकिमाने शोधला, असं ते ठासून सांगत. हकीम अबुल फतह गिलानी, मूळचा इराणचा, फतेहपूर सिक्रीच्या दरबारातला. धुराने अपाय होतो म्हणून त्याने तो पाण्यातून न्यायची युक्ती काढली, ही कथा खरोखरच सगळीकडे छापलेली आढळते. मला ती पटली नाही, कारण तारखा जुळत नाहीत. हा हकीम 1589 मध्येच वारला. आणि अकबराच्या दरबारात तंबाखू पोचला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, 1604 च्या सुमारास. तो नेला असद बेग या दरबारी माणसाने, आणि कुठून, तर आपल्या दख्खनमधून! असद बेग विजापूरला आदिलशहाकडे वकील म्हणून गेला होता. तिथे त्याला तंबाखू पहिल्यांदा दिसला. पोर्तुगीज तो अमेरिकेहून घेऊन आले होते आणि त्यांचं गोवा विजापूरच्या शेजारीच. असद बेगने रत्नजडित नळी तयार करवली, तंबाखूसह बादशहापुढे ठेवली. अकबराने कुतूहलाने थोडा ओढला, हकिमांनी नको म्हटलं, त्यावरून दरबारात वाद झडला. बादशहाला त्याची गोडी लागली नाही, पण सरदारांना लागली. जहांगीराने 1617 मध्ये तंबाखूवर बंदी घातली आणि ती कुणी पाळली नाही. इराणला त्याने पाठवलेला वकील खान आलम हाच पक्का ओढणारा होता, आणि तिकडे शाह अब्बासनेही बंदी घातलेली असताना त्याला खास सूट मिळाली, हे जहांगीराने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

मास्तरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विजापूरची गोष्ट लगेच मान्य केली आणि बैठकीला जाहीर केलं, ‘यो नशा तो मनीजर साब के देस तै आया सै.’ सगळे हसले. पानिपतच्या मराठ्यांचा विषय तिथे नेहमी निघायचाच, त्यात ही भर पडली.

पुढे हुक्का चैनीची वस्तू होत गेला. अठराव्या शतकात कलकत्त्याचे गोरे साहेबही हुक्का भरायला वेगळा नोकर, हुक्काबरदार, ठेवू लागले. 1779 मधल्या वॉरन हेस्टिंग्जच्या एका मेजवानीच्या आमंत्रणात हुक्काबरदाराखेरीज दुसरा नोकर सोबत आणू नये अशी विनंती आहे. पेशवाईतल्या वाड्यांतून सरदारांची गुडगुडी होतीच. या भांड्यांचं उत्तम काम बिदरला होई, आणि ते पाहण्याचा योग मला हरियाणा सोडल्यावर आला. माझी बदली उदगीरला झाली होती. सुटीच्या दिवशी बिदर गाठणं सोपं. तिथल्या एका कारागिराने मला सगळं दाखवलं. जस्तात थोडं तांबं घालून मातीच्या साच्यात भांडं ओततात, कानशीने गुळगुळीत करतात. मोरचूद लावून तात्पुरतं काळं करतात म्हणजे कोरणी दिसते. छिन्नीने कोरलेल्या रेषेत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्याच्या जुन्या भागातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून तो लेप गरम भांड्यावर चोळतात. जस्त-तांबं कायमचं गडद काळं होतं आणि चांदी तशीच पांढरी राहते. मी पाहत असताना त्या माणसाने लेप धुतला आणि राखाडी भांड्यावर वेल उमटली. किल्ल्याची माती तो चिमूटभर जिभेवर ठेवून पारखायचा. जुनी भांडी गोल असत, कड्यावर ठेवावी लागत. नंतर सपाट बुडाची, घंटेच्या आकाराची आली.

ताऊंच्या घरी मी नोकरी बदलल्यावरही जात राहिलो. एका भेटीत ते खाटेला खिळलेले दिसले. दम लागत होता, जिना चढवत नव्हता. त्यांना रोहतकच्या दवाखान्यात नेलं तेव्हा मी बरोबर होतो. डॉक्टरांनी हुक्का सोडा म्हटल्यावर ताऊ म्हणाले, ‘यो तो पाणी म्ह तै छणकै आवै सै.’ डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी खुर्ची पुढे ओढून नीट समजावलं. पाणी धूर गार करतं. गार धूर घशाला लागत नाही, म्हणून माणूस तो अधिक खोल ओढतो आणि अधिक वेळ ओढतो. निकोटीन, डांबर पोचायचं ते पोचतंच. वर निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्येच सांगितलं आहे की तासाभराच्या एका बैठकीत ओढणारा एका सिगारेटच्या 100 ते 200 पट धूर आत घेऊ शकतो. एकच नै तोंडोतोंडी फिरते, त्यातून क्षय पसरू शकतो. करोनाच्या काळात तर हरियाणातल्या कितीतरी गावांनी आपणहून सामायिक हुक्का बंद ठेवला. ताऊंनी तो त्याआधीच सोडला होता. बैठकीत हुक्का राहिला, त्यांच्या खाटेकडे नै वळायची थांबली.

शहरातल्या पार्लरमधला फळांच्या स्वादाचा हुक्का हा याच यंत्राचा नवा अवतार. ॲल्युमिनियमचा कागद, तयार कोळसा आणि पाण्यातून धूर गाळून येतो हा तोच गैरसमज. मुंबईत डिसेंबर 2017 मध्ये कमला मिल्सच्या आगीत 14 जण गेले. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांच्या ठिणग्यांचं कारण पुढे आलं. त्यानंतर 2018 मध्ये महाराष्ट्राने कायदा करून हुक्का पार्लर बंद केली. हरियाणाने 2024 मध्ये हुक्काबारबंदीचं विधेयक मंजूर केलं, पण गावातला पारंपरिक हुक्का त्यातून वगळला. त्या गावात राहिलेला माणूस म्हणून ही सूट का दिली ते मला कळतं. पण ताऊंच्या शेजारी दवाखान्यात बसलेला माणूस म्हणून ती मला चुकीची वाटते. ताज्या पाण्याची, वयाच्या मानाची, पाहुण्याला जागा करून देण्याची रीत चहावरही चालते, आणि चहाचा पेला उंबऱ्याशी बसलेल्यालाही देता येतो.

तुमच्या घरी पणजोबांची गुडगुडी माळ्यावर पडली असेल तर ती मोडीत घालू नका. पितळी असेल तर चिंचेने घासा, चकचकीत होईल. काळ्यावर चांदीचं काम असेल तर ती बिदरी आहे; तिला चिंच, लिंबू, पावडर काहीही लावू नका, काळा रंग निघून जातो आणि घरी परत येत नाही. मऊ फडक्याने थोडं खोबरेल तेल लावून पुसा आणि मुलांना दिसेल अशा जागी ठेवा. कशी भरत असत ते त्यांना सांगा, पेटवू मात्र नका.