काळोखाची सोबत

गतवर्षी पालकसभा आटोपल्यावर एका गृहस्थांनी मला व्हरांड्यात थांबवून विचारले, "गुरुजी, आमचा मुलगा रात्री दिवा मालवून मोबाइलवर भयंकर खेळ खेळत बसतो. त्यास काय करावे?" असे प्रश्न शिक्षकास वारंवार विचारले जातात, व त्यांचे ठरीव उत्तरही आमच्यापाशी तयार असते: मोबाइल काढून घ्यावा, उत्तम पुस्तके हाती द्यावीत, लवकर निजवावे. त्या दिवशी मात्र ते उत्तर माझ्या ओठांपर्यंत येऊन तेथेच राहिले. मी इतकेच विचारले, "तो खेळत असता आपण कधी त्याच्याजवळ बसलात काय?" ते गृहस्थ माझ्याकडे चमत्कारिक दृष्टीने पाहून निघून गेले. त्यांचे समाधान झाले नाही हे उघड होते, आणि दोष त्यांचा नव्हे. असल्या प्रश्नामागची हकीकत व्हरांड्यात उभ्याउभ्या सांगण्यासारखी नाही. म्हणून ती येथे लिहीत आहे. ज्याची ही हकीकत, तो माझा भाचा आता या शाळेतून उत्तीर्ण होऊन गेला आहे. लेख त्यास वाचून दाखविला व त्याच्या संमतीनेच छापावयास दिला.

2021 सालच्या एप्रिल महिन्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने आपल्या जिल्ह्यात जे दिवस आणले, ते आठवले म्हणजे आजही छातीत धस्स होते. खाट मिळाली तर प्राणवायू मिळेना, आणि प्राणवायू मिळाला तर माणूस राहीना. त्या महिन्यात माझी धाकटी बहीण सहा दिवसांच्या दुखण्याने प्रभूमध्ये निद्रिस्त झाली. तिचे यजमान पूर्वीच गेले होते. दफनास वीस माणसांची परवानगी होती; प्रत्यक्षात आम्ही पाचजण होतो. देह आवरणात गुंडाळून बांधलेला, त्यामुळे मुख पाहावयास मिळाले नाही. पाळकसाहेबांनी दूर उभे राहून, तोंडावरच्या पट्टीतून ऐकू जावे म्हणून मोठ्याने प्रार्थना केली. तिचा तेरा वर्षांचा मुलगा तेथे नव्हता. त्यासही लागण झाली होती व तो घरातल्या मागच्या खोलीत एकटा कोंडलेला होता. आईला मातीत ठेवल्याचे वर्तमान त्याला बंद दाराबाहेरून सांगण्याचे काम माझ्यावर आले. आतून केवळ "बरं" एवढाच शब्द आला.

पुढे तो आमच्या घरी राहावयास आला. तो रडला नाही. जेवावयास बोलाविले की जेवी, अभ्यासाचा तास मोबाइलवर असे तेव्हा मोबाइल उघडून बसे, विचारले त्याचे उत्तर देई. आम्ही त्याचे सांत्वन करण्याची शिकस्त केली. माझ्या पत्नीने त्याच्या आवडीचे पदार्थ केले, मी विनोदी पुस्तके आणली, आणि त्याच्या खाटेसमोर एक दिनदर्शिका टांगली. तिच्यावर तेविसाव्या स्तोत्राचे चित्र होते: हिरवे कुरण, निळे पाणी, गुबगुबीत मेंढरे. जाता जाता सांगतो, हे स्तोत्र छापणारे चित्रकार कुरणापाशीच थांबतात. त्याच स्तोत्राच्या मध्यभागी जी काळोखी दरी आहे, ती कोणी रंगवीत नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तो दिनदर्शिकेचे तोंड भिंतीकडे केलेले.

रात्री त्याच्या दाराच्या फटीतून मोबाइलचा फिकट उजेड दिसे. पंधरवडाभर मी तिकडे कानाडोळा केला. एके रात्री मात्र आत शिरलो आणि त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिले. पडद्यावर रंग असा नव्हताच. सगळे काळे व करडे. धुक्याने भरलेले अरण्य, त्यात एक लहानसा काळाकुट्ट मुलगा, ज्याला नाकडोळे असे काही नाहीत, केवळ डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके. तो मुलगा चालू लागला, आणि माझ्या देखत गवतातल्या लोखंडी सापळ्याने त्याचे मस्तक तोडले. मला संताप आला. घरात मृत्यूला अजून चाळीस दिवस झाले नाहीत आणि हा पोर करमणूक म्हणून मृत्यू पाहतो! मी मोबाइल हिसकावून घेतला. भाचा शांतपणे म्हणाला, "मामाजी, पण तो परत उठतो. बघा ना."

मी पाहिले. मुलगा खरोखरच सापळ्याच्या थोडा अलीकडे, होता तसा उभा होता.

"आणि हा चालला कोठे?" मी विचारले.

"बहिणीला शोधायला."

मी मोबाइल त्याच्या हाती परत दिला. खाटेच्या कडेला बसलो. त्याने इयरफोनचे एक टोक काढून माझ्याकडे केले.

हा खेळ 'लिंबो' या नावाचा. माझी पत्नी प्रथम समजली की हा लिंबाचा काही खेळ असावा! डेन्मार्क देशातील कोपनहेगन येथे 'प्लेडेड' नावाची लहानशी संस्था आहे; आर्न्ट येन्सन या चित्रकाराच्या कल्पनेवरून तिने तो तयार केला व 2010 सालच्या जुलैमध्ये प्रसिद्ध केला. खेळात अथपासून इतिपर्यंत बोललेला वा लिहिलेला एक संवाद नाही, आणि कानी पडते ते संगीत म्हणण्यापेक्षा वारा, पाणी, दूरवरची घरघर असेच काही. मुलाला उडी मारता येते आणि एखादी वस्तू धरून ओढता वा ढकलता येते. याखेरीज त्याच्यापाशी कसलेही सामर्थ्य नाही. नाव मात्र आम्हा ख्रिस्ती लोकांच्या ओळखीचे आहे. लिंबो या लॅटिन शब्दाचा अर्थ काठ, वस्त्राची किनार. बाप्तिस्म्याविना मेलेल्या अर्भकांचे आत्मे नरकाच्या काठावर, न दुःख न आनंद अशा स्थितीत राहतात, अशी कल्पना मध्ययुगीन ईश्वरविद्यावेत्त्यांनी मांडली होती. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी ती कधी मानली नाही; आणि रोमन कॅथॉलिक मंडळीच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविद्या आयोगानेही 2007 साली असे म्हटले की, अशा बालकांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ कारणे आहेत. काठावर टांगलेल्या मुलांची गोष्ट इतकी शतके माणसाच्या मनाला टोचत राहिली, हे मात्र खरे.

असो. आम्ही रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास त्या अरण्यात जाऊ लागलो. मी खेळत नसे. माझी बोटे त्या कामाची नव्हेत. मी नुसता पाहत असे, व "डावीकडे काहीतरी लटकते आहे" असे सांगत असे. अरण्यात एक कोळी आहे, झाडाएवढ्या पायांचा. पहिल्याने त्याच्या पायाखाली मुलगा कितीदा भोसकला गेला याची गणती नाही. मग ध्यानी आले की जो सापळा मुलाला मारतो, तोच ओढून कोळ्याच्या पायाखाली सरकविता येतो. पुढे पुष्कळ मजल गेल्यावर तोच कोळी एका पायानिशी पडलेला भेटतो. मुलगा तो शेवटचा पाय ओढून काढतो, आणि त्या धडावर पाऊल ठेवून सुळ्यांनी भरलेला खड्डा ओलांडतो. भाचा म्हणाला, "याच्यावर पाय द्यायचा होता, हे आधी माहीत असतं तर!" इतके लांब वाक्य तो आमच्या घरी प्रथमच बोलला होता.

आणखी एक प्रकार मला विशेष लक्षात राहिला. वरून एक चकाकणारी अळी मुलाच्या डोक्यावर पडून रुतून बसते. त्यानंतर त्याची इच्छा चालत नाही. पाय एकाच दिशेला चालत राहतात, समोर पाणी असो की दरी. प्रखर उजेडाचा झोत लागला तर दिशा उलटते, पण चालणे थांबत नाही. अळी आपल्या हाताने काढता येत नाही. छताला काही प्राणी चिकटलेले असतात, त्यांच्याखाली जाऊन उडी मारावी, म्हणजे ते तिला खाऊन टाकतात. अळी पडली त्या रात्री भाचा खेळता खेळता थांबला आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "मामाजी, शेवटच्या दिवशी आईचा फोन आला होता. ती हळू हळू बोलत होती. मला कंटाळा आला. नंतर बोलतो म्हणालो, आणि ठेवून दिला."

खोलीत काळोख होता. मला त्याचे तोंड दिसत नव्हते, त्याला माझे. दिवा लावलेला असता तर तो हे बोलला नसता, असे मला खात्रीने वाटते. आम्ही मोठी माणसे दुःखिताला उजेडात बसवून, त्याच्या डोळ्यांत पाहून, धीराचे शब्द ऐकवितो. त्याला धीर येण्याऐवजी आपले तोंड कोठे लपवावे हा विचार पडतो. मी काहीच उपदेश केला नाही. "मीही त्या दिवशी संध्याकाळी फोन करीन म्हटले होते," एवढे म्हणालो. तेही खरेच होते.

त्या वेळी मला आमच्या लहानपणीची जागल आठवली. नवेगावबांधच्या बाजूला आमच्या आजोबांची धानाची शेती होती, व तिला लागूनच जंगल. धान भरू लागले की रानडुकरे उतरत, म्हणून आजोबा रात्री मचाणावर बसत आणि कधी कधी आम्हां दोघां भावंडांस बरोबर नेत. कंदील विझवलेला असे. झोप येऊ नये म्हणून ते गोष्टी सांगत, त्याही वाघाच्या नाही तर भुतांच्या. बांध्यांपलीकडे काही खसपसले की माझी बहीण माझे मनगट इतके घट्ट धरी की सकाळी त्यावर तिच्या नखांच्या खुणा दिसत. आणि तरीही, आयुष्यात सर्वांत सुरक्षित मला कोठे वाटले असे कोणी विचारील, तर मी त्याच मचाणाचे नाव घेईन. भय खाली होते, आम्ही तिघे वर होतो, आणि भयाची गोष्ट आजोबांच्या तोंडून येत होती. नंतर लवकरच आम्ही दोघेही निजून जात असू. जागल आजोबाच करीत.

ख्रिस्ती घरांत तर ही गोष्ट नवी नसावी. जॉन बन्यन याचे 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हे पुस्तक 1678 साली निघाले. हरि केशवजींनी 1841 साली 'यात्रिकक्रमण' या नावाने ते मराठीत आणले. आमच्या आजीने ते कितीदा वाचले असेल! बारा वर्षे तुरुंग भोगलेल्या माणसाचे ते पुस्तक आहे, आणि त्यात दलदल आहे, राक्षस आहे, संशयाचा किल्ला आहे, मृत्यूच्या छायेची दरी आहे. त्या दरीत यात्रिक रात्रीचा चालला असता त्याला धीर कशाने येतो? उजाडल्याने नव्हे, ते मागाहून. पुढे कोणा दुसऱ्या माणसाचा आवाज त्याच्या कानी पडतो, आणि या दरीत आपण एकटे नाही एवढे त्याला कळते. स्तोत्रसंहितेचे अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्रही काढून पाहावे. ते आरंभापासून विलाप करीत जाते आणि काळोखातच संपते. शेवटी आशेचे कडवे जोडण्याची कोणाही शास्त्र्याला गरज भासली नाही. मी ते भाच्याला वाचून दाखविले. "हे बायबलात आहे?" असे म्हणून त्याने ते पुन्हा स्वतः वाचले. तेविसाव्या स्तोत्राची दिनदर्शिका त्याने पुढे सुलट केली, पण ती जुलै महिन्यात, आणि मला न सांगता.

विद्वानांनीही याचा विचार केला आहे. अमेरिका व डेन्मार्क येथील काही संशोधकांनी 2021 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. भयपटांची आवड असलेल्या माणसांना महामारीच्या पहिल्या काळात मनस्ताप तुलनेने कमी झाला, असे त्यांना आढळले. भयाचा सराव झालेला असतो म्हणून, की तसल्या स्वभावाचीच माणसे भयपट पाहतात म्हणून, हे एका निबंधाने ठरण्यासारखे नाही. मला एवढेच दिसते की, खऱ्या मृत्यूने त्या मुलाला एकदाच गाठले व दार लावून घेतले. खेळातला मृत्यू मात्र त्याला समोर बसून पाहता येत होता, थांबविता येत होता, आणि त्यातून पुढे जाता येत होते.

यावरून कोणी असे समजू नये की मी अशा खेळांची शिफारस करतो. लहान मुलांस हा खेळ मुळीच दाखवू नये. त्यातील काही दृश्ये माझ्याही स्वप्नात आली. शाळेच्या तासाला, जेवणाच्या पानावर, वा पहाटेपर्यंत चाललेला खेळ हे व्यसनच होय, मग त्यात राक्षस असोत की फुले. आणि माझे मत विचाराल तर, कोळी दाखविणाऱ्या खेळापेक्षा रंगीबेरंगी चित्रे दाखवून मुलांच्या हातून घटकेघटकेला पैसे काढणारे खेळ मला अधिक भयंकर वाटतात. लिंबो एकदा विकत घेतला की पुन्हा काही मागत नाही, आणि मुख्य म्हणजे तो संपतो.

तो संपला ती रात्र ऑगस्टमधली होती; बाहेर पाऊस कोसळत होता. करवतींची चक्रे, उलटीसुलटी होणारी जमीन, हे सर्व पार करून मुलगा एका काचेच्या पडद्यावर आदळतो, काच फुटते, आणि तो अतिशय सावकाश पलीकडे जाऊन पडतो. पुन्हा तेच अरण्य. तो उठतो, थोडा चालतो. समोर झाडाखाली एक मुलगी पाठमोरी बसलेली असते. तो जवळ जातो. ती एकाएकी सावध होऊन ताठ होते, जणू कोणाची तरी चाहूल लागली. आणि पडदा काळा होतो. ती वळली की नाही, त्याला ओळखले की नाही, ती जिवंत होती की तोच नव्हता, काही सांगितलेले नाही.

आम्ही दोघे त्या काळ्या पडद्याकडे पाहत बसलो. इयरफोनमध्ये आवाज नव्हता. कौलांवर पाऊस तेवढा वाजत होता. माझे डोळे भरून आले होते व ते त्याला दिसत नसावेत असे मी धरून चाललो होतो. थोड्या वेळाने त्याने माझे मनगट धरले.

"मामाजी, परत पहिल्यापासून खेळायचं?"

दुसऱ्या दिवशी शाळा होती. साडेअकरा वाजून गेले होते. मी पांघरूण पायांवर ओढून घेतले व म्हणालो, "चल."