चौफुल्याचं नाव काढलं म्हणून

आमच्या थोरल्या वहिनींनी आयर्लंडच्या पबला ‘केवढी संस्कृती जपलीय लोकांनी’ म्हटलं आणि त्याच बैठकीत मी चौफुल्याचं नाव काढल्यावर ‘पोरांसमोर कशाला हे विषय’ म्हणून मला गप्प केलं, ते मला अजून पचलेलं नाही. नातवाचं जावळ होतं, सगळे शिरूरला भावाकडे जमलो होतो. जावयांनी टीव्हीवर फोटो लावले होते. डूलिनच्या पबमध्ये मी बाकावर बसलेय, मांडीवर नातू, समोर फिडल वाजवणारी पोरगी, टेबलावर बिअरचे ग्लास. दारूचं दुकानच ते. पण कुणाला काही वावगं वाटलं नाही. आत्याबाईंनी तर फोटो पुन्हा मागे घ्यायला लावला. मी एवढंच म्हटलं, की असं जवळ बसून गाणं ऐकायला मी चौफुल्यालाही जाऊन आलेय. पुढची पाच मिनिटं कुणी माझ्याकडे बघेना.

माझं माहेर न्हावऱ्याच्या बाजूचं, सासर दौंड. शिरूर-न्हावरे-चौफुला हा रस्ता माझ्या आयुष्यात इतक्यांदा पायाखालून गेला, की पारगावला भीमा ओलांडली की माहेर मागे पडलं असं मनात पक्कं झालंय. चौफुल्याला एसटी थांबली की आई म्हणायची, ‘तिकडं बघू नको.’ तिकडं म्हणजे लावणीच्या कला केंद्रांच्या पाट्यांकडं. बसमधले पुरुष मात्र मान वळवून बघायचे, आणि त्यांना कुणी काही म्हणत नसे.

डूलिन पाहिलं ते डब्लिनला मुलीच्या बाळंतपणासाठी गेले तेव्हा. बाळ थोडं मोठं झालं, आणि जावई म्हणाले, तुम्हाला डब्लिनबाहेरचं काही दाखवू. क्लेअर परगण्यातलं समुद्रकाठचं हे लहानसं गाव, जवळच मोहरचे कडे. गावात गाण्यासाठी नावाजलेले पब तीन: ओकॉनर, मॅकगॅन, मॅकडरमॉट. ओकॉनरचा पब १८३२ पासूनचा. ह्याच गावात मायको रसेल राहायचा. लहानशी टिनची शिट्टी वाजवणारा माणूस, १९१५ चा जन्म, १९९४ ला वारला. तो आणि त्याचे दोघे भाऊ वाजवायचे आणि ते ऐकायला लांबून लोक यायचे.

मला नवल वाटलं ते बसण्याचं. वाजवणारे स्टेजवर नव्हतेच. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसलेले, आमच्याकडे काहींची पाठ. एकाने चाल सुरू केली, दुसरा त्यात शिरला, मग बासरी, मग तो हातात उभा धरून वाजवायचा डफासारखा बोऱ्हान. तिकीट नाही, फर्माईश नाही. मी चहा मागितला तर चहा दिला. शेजारची आजी तिच्या नातीला घेऊन आली होती. लहान मुलांना रात्री नऊनंतर थांबता येत नाही, उन्हाळ्यात दहापर्यंत सूट, असा तिथला कायदा आहे. तोवर सगळं घर तिथं. डब्लिनमध्ये स्मिथफील्डला कॉबलस्टोन म्हणून पब आहे, तिथंही गेलो. २०२१ मध्ये त्या जागी हॉटेल उठवायचा घाट घातला गेला, तेव्हा लोक वाद्यं आणि खांद्यावर शवपेटी घेऊन रस्त्यावर उतरले होते आणि त्याच नोव्हेंबरात महापालिकेने परवानगी नाकारली. एका गुत्त्यासाठी! मला हे ऐकून खरंच भरून आलं.

परत आल्यावर मी ह्यांना म्हटलं, मला चौफुल्याला न्या. आमचे हे रेल्वेत होते, तबल्याचा नाद जुना. केडगावकडचे एक तबलजी त्यांच्या ओळखीचे, त्यांनी तिथल्या एका लावणीच्या पार्टीत बरीच वर्षं साथ केली होती. हे पहिल्यांदा नको म्हणाले, मग महिनाभराने स्वतःच म्हणाले, ‘चल.’

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ढोलकीफडाचा तमाशा वेगळा. त्यात गण, गवळण, बतावणी, वग, सोंगाड्या, राहुटी, गावोगावच्या जत्रा. चौफुल्याची ती संगीतबारी. एका केंद्रात कितीतरी पार्ट्या राहतात, तिथंच त्यांच्या खोल्या, तिथंच चुली. प्रत्येक पार्टीला मालकीण असते, तिच्यासोबत गाणाऱ्या, नाचणाऱ्या, पेटी, तबला, ढोलकी. संध्याकाळी थेटरात एकेका पार्टीची बारी लागते, ते तिकिटाचं काम. त्यानंतर ज्याला हवी तो खोलीत तासावर बैठक लावतो. ठरलेल्या रकमेत थेटरमालकाचा वाटा असतो, उरलेल्यात सगळी पार्टी. आपल्याकडे सणसवाडीला, तिकडे मोडनिंबला, जामखेडला अशी केंद्रं आहेत. पुण्यातलं आर्यभूषण तर जुनंच.

खिडकीवरच्या माणसाने मला बघून ह्यांना विचारलं, ‘बाईमाणसाला कशाला आणलं?’ मला नाही विचारलं. पार्टीची मालकीण बाहेर आली, तिने माझा हात धरला, ‘या ताई, आत या,’ म्हणाली. खोली बेताची, भिंतीला लोड, खाली गादी, पांढरी चादर. मी आधीच सांगितलं होतं, नाच नको, बसून गायची लावणी ऐकायची आहे. मालकीण जरा थांबली. मग आतून एका वयस्क बाईंना बोलावलं. सगळ्या त्यांना आक्का म्हणत होत्या. साधं सुती नऊवारी, केसात काही नाही, पायात चाळ नाही. बसताना गुडघ्यावर हात दाबून बसल्या.

त्या दिवशी ऐकलं ते मला नीट सांगता येत नाही, तरी सांगते. ओळ एकच होती, वाट पाहण्याची. पहिल्यांदा गायली तेव्हा रागाने, उशिरा आलेल्या नवऱ्यावर. दुसऱ्यांदा तीच ओळ हळू, जणू पलीकडे सासू जागी आहे. तिसऱ्यांदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत, आणि आता ती बाई नवऱ्याशी बोलतच नव्हती, सवतीशी बोलत होती. शब्द तेच. भुवई थोडी उचलली, मान वळवली, एवढ्यावर अर्थ पालटत होता. आक्का साठीच्या पलीकडच्या, आणि समोर मला सोळा वर्षांची मुलगी दिसत होती. पेटीवाल्याने एक सूर धरून ठेवला होता. ह्यांच्या मांडीवर बोटं चालू होती. मला डूलिन आठवलं, आणि लगेच वाटलं, की त्या फिडलवाल्या पोरीला ह्या बाईसमोर बसवलं असतं तर तिनेही हात थांबवून ऐकलं असतं.

आणि दारावर थाप पडली. केंद्राचा माणूस होता. ‘ताई, वेळ झाली.’ वेळ झाली नव्हती. ह्यांनी घड्याळ दाखवलं, तास निम्मासुद्धा सरला नव्हता. माणूस म्हणाला, मोठी मंडळी आलीत, त्यांना हीच खोली हवी. हे म्हणाले, आम्ही पूर्ण तासाचे दिलेत, अजून देतो. तो हसला. आम्ही काय देऊ शकतो ते त्याने आमच्या चपलांवरून ओळखलं होतं. मालकीण दाराशी उभी होती, तिचा चेहरा उतरला, पण ती बोलली नाही. बोलणार कशी? त्याच छताखाली तिची चूल.

आक्का अर्ध्या ओळीवर थांबल्या. थांबल्या म्हणजे रागावल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. पुन्हा गुडघ्यावर हात दाबून उठल्या. तबलजीने तबला कव्हरात घातला, पेटीचा भाता मिटला. ह्यांचा आवाज चढायला लागला तशा आक्का म्हणाल्या, ‘असू द्या साहेब. पोरींचं पोट त्यांच्यावर आहे.’ चौघेजण आत आले, तोंडाला वास, एकाने आमच्याकडे बघून ‘सॉरी काका’ म्हटलं. मागून दोन तरुण मुली नटून आल्या आणि कुणीतरी स्पीकरला पेन ड्राइव्ह लावला. सिनेमातलं गाणं. पेटीची गरजच नव्हती. तासाचे पैसे आमचे, जागा आमची, आणि ज्यांनी एक ओळसुद्धा ऐकली नसती त्यांच्यासाठी ती बाई उठली. कुणी म्हणेल, धंदा आहे. हो, धंदा आहे. मग धंद्याचा नियम असतो, घेतलेल्या पैशाचा माल द्यायचा. हॉटेलात अर्ध्या ताटावरून कुणाला उठवतात का?

मागच्या चुलीपाशी आक्कांनी चहा केला. तिथं त्यांची नात जीवशास्त्राची आकृती काढत बसली होती. आक्का म्हणाल्या, पूर्वी शाळेत बापाचं नाव विचारून रडवायचे, आता आईचं चालतं. किशोर शांताबाई काळ्यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये हेच दुखणं १९९४ मध्ये लिहिलं होतं, सरकारी कागदांवर आईचं नाव लावायचा नियम राज्यात आता कुठे आला, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांना. करोनात केंद्रं बंद राहिली तेव्हा काय खाल्लं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. कप भरून दिला फक्त.

मला राग आपल्या लोकांचा येतो. ह्याच शिरूर तालुक्यात कवठे येमाईला बी. के. मोमीन कवठेकर होऊन गेले, २०२१ मध्ये वारले. त्यांनी आयुष्यभर लावण्या आणि वग लिहिले, सरकारने त्यांना विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा जीवनगौरव दिला. त्या बातमीचं कात्रण आमच्या भावाने जपून ठेवलंय. यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हाही सगळ्यांना अभिमान. पुण्यात नाट्यगृहात ‘संगीत बारी’चा प्रयोग लागला की बायका पैठण्या नेसून जातात, भूषण कोरगावकरांचं पुस्तक वाचतात, शकुंतलाबाई नगरकरांना उभं राहून टाळ्या वाजवतात. जाऊ देत, चांगलंच आहे. पण पुण्याहून तास-दीड तासावर तीच लावणी रोज कुणीतरी अर्ध्यावर थांबवतं, तिथं त्यांची गाडी वळत नाही.

आयरिश लोक काही जन्मतःच शहाणे नव्हते. मुलीच्या शेजारचे म्हातारे सांगत होते, त्यांच्या लहानपणी पाद्री घरातल्या नाचगाण्यावर तुटून पडायचे. १९३५ मध्ये तिथं परवान्याशिवाय नाच भरवायला बंदी करणारा कायदा झाला आणि स्वयंपाकघरातल्या मैफली बसल्या. बायकांना तर पबमध्ये मोकळं बसताही येत नसे; आडोशाचा लाकडी कप्पा असे, तिथं बसायचं. आज त्याच कप्प्यात लोक फोटो काढतात. १९७३ पासून मिलटाउन माल्बे नावाच्या गावात दर जुलैला विली क्लॅन्सी या पाइप वाजवणाऱ्याच्या नावाने शाळा भरते, आणि दिवसा शिकलेलं पोरं संध्याकाळी पबमध्ये वाजवतात. म्हणजे लाज घालवता येते. तिथं घालवली.

इतके दिवस मी सगळ्यांना हेच सांगत होते, की बायकांनी जावं, घरच्यांना घेऊन जावं, मग आपोआप सुधारेल. हल्ली मला तेवढी खात्री वाटत नाही. आम्ही गेलो तर काय म्हणू? हे गाणं नको, ते पद नको, पदर नीट घ्या. लावणीतला सगळा जीव त्या पदरात आहे. स्वातंत्र्यानंतर तमाशाला सभ्य करायला निघालेले लोकही चांगलेच होते, आणि त्यांनीही वगांवर कात्री चालवली. शिवाय डूलिनचा एखादा फिडलवाला दिवसा सुतारकाम करतो, रात्री वाजवून घरी जातो. आक्कांचं घर आणि थेटर एकच आहे. उद्या कुणी त्या नातीच्या पायात चाळ बांधायचं म्हटलं, तर लावणी टिकावी म्हणून मी हो म्हणेन? नाही म्हणणार. आणि ती शिकली नाही तर आक्कांकडचं कुणाकडे जाईल, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. डूलिनमध्ये मला हा प्रश्न पडलाच नव्हता.

तरी जाणाऱ्यांना सांगते. शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी जा, गर्दी नसते. बैठकीची लावणी हवी असं आधी कळवा, म्हणजे जुनी गाणारी कुणी आहे का ते पार्टी बघून ठेवते. बालेघाटी मागा, ती विरहाची, संथ, आणि हल्ली कुणी मागत नाही म्हणून मागेच पडलीय. दौलतजादा उधळू नका, तबलजी-पेटीवाल्यांच्या हातात वेगळे पैसे द्या. पिऊन जाऊ नका. मोबाइल खिशात ठेवा. काढलेले तुकडे कुठल्या घाणेरड्या नावाखाली फिरतात ते त्या मुलींनी मला दाखवलंय.

रेकॉर्डिंगला आक्का म्हणूनच नाही म्हणतात. ह्यांनी मग वही केली. आक्का फोनवर पद सांगतात, हे लिहून घेतात, चाल कुठे वळते तिथं स्वर मांडतात, अडलं तर मी पुन्हा विचारते. काही पदं त्यांना त्यांच्या मावशीकडून आलेली आहेत आणि ती छापलेली मला कुठे मिळाली नाहीत. दुपारी दोन ते चार त्या मोकळ्या असतात. त्याच वेळेत फोन करायचा, संध्याकाळी करायचा नाही, असं त्यांनी बजावलंय.