वजीरचा बाजार

"तुझी पीएच.डी. नेमकी कशात?" हा प्रश्न घरातल्या प्रत्येक लग्नामुंजीत मला एकदा तरी विचारला जातो. "सशस्त्र संघर्ष चालू असलेल्या भागांत साधी माणसं कशी टिकून राहतात आणि शांतता कशी उभी करतात, त्यावर," असं माझं पाठ केलेलं उत्तर आहे. त्यावर बहुतेक जण "वा, छान" म्हणून जिलबीकडे वळतात. एका मावशीने मात्र विचारलं होतं, "शांततेत पीएच.डी.? म्हणजे ध्यानधारणा वगैरे का गं?" :-)

तर मावशी, ध्यानधारणा नाही. आज जरा सविस्तर सांगते, कारण प्रबंधाचं शीर्षक ठरवायची वेळ आली आहे आणि एका शब्दाशी माझं भांडण चालू आहे.

तो शब्द म्हणजे रेझिलियन्स. आमच्या विषयातला सध्याचा अगदी लाडका. मराठीत याला काय म्हणावं यावर मी बराच वेळ घालवलाय. लवचिकता म्हटलं की रबर आठवतं. चिवटपणा म्हटलं की नावं ठेवल्यासारखं वाटतं. 'तग धरणं' हे त्यातल्या त्यात बरं. मुळात हा शब्द शांतता-अभ्यासातला नाहीच. सी. एस. हॉलिंग या कॅनडाच्या पर्यावरणशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये तो परिसंस्थांसाठी वापरला. जंगलाला किंवा तळ्याला मोठा धक्का बसला, तरी त्यातले मूळ संबंध टिकून राहण्याची क्षमता, असा साधारण अर्थ. पुढे तो आपत्ती व्यवस्थापनात आला आणि मग युद्धातून जाणाऱ्या समाजांनाही लावला जाऊ लागला.

कल्पना आपल्याला नवी नाही. पुरातलं लव्हाळं आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण लव्हाळ्याचं कौतुक करताना पूर कुठून आला हे कुणी विचारत नाही. नदीच्या बाबतीत ते ठीक आहे. माणसांच्या बाबतीत पूर बहुधा कुणीतरी आणलेला असतो. माझं भांडण ते हेच.

हे नुसतं तत्त्वज्ञान वाटू नये म्हणून वजीरची गोष्ट सांगते. प्रबंधातलं एक पूर्ण प्रकरण या गावावर आहे.

वजीर हा केनियाच्या ईशान्येचा कोरडा, उजाड मुलूख. पूर्वेला सोमालिया, वायव्येला इथिओपिया. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर आणि सातारा हे चार जिल्हे एकत्र केले तर साधारण तेवढा मोठा. लोक सोमाली वंशाचे, मुसलमान आणि पिढ्यान् पिढ्या उंट, गाई, शेळ्या घेऊन पाण्यामागे फिरणारे. त्यांच्यात कुळं आहेत. देगोदिया, अजुरान आणि ओगादेन ही तिथली मोठी. तुमचं कुरण कुठलं, विहीर कुठली, अडचणीत पाठीशी कोण, हे सगळं कुळावर ठरतं.

१९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला, तेव्हा इथल्या बऱ्याच लोकांना सोमालियात जायचं होतं. त्यावरून १९६७ पर्यंत लढाई झाली. लढाई संपली, पण आणीबाणीचे कायदे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तसेच राहिले. म्हणजे एक अख्खी पिढी सरकार म्हणजे लष्कर असं समजूनच मोठी झाली.

फेब्रुवारी १९८४ मध्ये देगोदिया आणि अजुरान यांच्यातला संघर्ष थांबवण्यासाठी, हत्यारं काढून घेण्याच्या नावाखाली, सुरक्षा दलांनी देगोदिया पुरुषांना गोळा केलं आणि वजीर गावाजवळच्या वगाल्ला धावपट्टीवर नेलं. तिथे त्यांना कित्येक दिवस उन्हात, अन्नपाण्यावाचून बसवून ठेवलं. कितीतरी जण गोळ्यांनी मेले, कितीतरी तहानेने. सरकार पुढे बरीच वर्षं ५७ हा आकडा सांगत राहिलं. केनियाच्या सत्यशोधन आयोगाने २०१३ मधल्या अहवालात जवळपास १००० म्हटलं. स्थानिक लोक त्याहूनही कितीतरी मोठे आकडे सांगतात.

बघा, हीसुद्धा 'शांतता प्रस्थापित करणं' होती. वरून आलेली, फर्मानाची.

आता १९९० च्या दशकात या. १९९१ मध्ये सोमालियात सियाद बारे यांची सत्ता कोसळली. सीमेपलीकडून निर्वासितांचे लोंढे आले आणि बंदुकाही. त्याच सुमाराला भयंकर दुष्काळ. त्यात १९९२ च्या अखेरीस केनियात बहुपक्षीय निवडणुका झाल्या आणि खासदारकी कुठल्या कुळाकडे, हा नवा वाद सुरू झाला. पाणी कमी, बंदुका जास्त. कुळाकुळांतली मारामारी पुन्हा पेटली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत शेकडो माणसं मेली.

वजीरमध्ये तेव्हा देखा इब्राहिम अब्दी नावाची एक तरुण शिक्षिका राहत होती. जन्म १९६४ चा. १९९३ मध्ये एका रात्री घराजवळ गोळीबार सुरू झाला, तेव्हा ती आपलं बाळ घेऊन पलंगाखाली लपली. सकाळी तिची आई म्हणाली, तू लहान असताना मीही तुला घेऊन अशीच लपले होते. ही आठवण देखाने पुढे अनेकदा सांगितली. जॉन पॉल लेडरॅक या अभ्यासकाने २००५ च्या आपल्या पुस्तकातही ती दिली आहे.

आई लपली, मुलगी लपली. आता नातीनेही लपायचं का? इथून सुरुवात झाली.

वेगवेगळ्या कुळांच्या काही बायका एकत्र आल्या. डझनभरसुद्धा नव्हत्या. एकमेकींना त्यांनी आधी एक अवघड प्रश्न विचारला असं सांगतात. उद्या माझ्या कुळाच्या माणसांनी तुझा नातेवाईक मारला, तरी तू माझ्याबरोबर काम करशील का? ज्यांना 'हो' म्हणता येईल त्यांनीच यावं.

आणि त्यांनी सुरुवात केली बाजारापासून. तह नाही, परिषद नाही. बाजार!

मला हा भाग सगळ्यात आवडतो. भांडणामुळे बाजारही फाटला होता. एका कुळाच्या बाईने दुसऱ्या कुळाच्या बाईकडून काही घ्यायचं नाही, तिला काही विकायचं नाही. आता विचार करा, बंदुका पुरुषांच्या हातात, पण दूध विकायला आणि साखर-चहा आणायला रोज बाहेर पडणार बाई. तिचा रस्ता बंद म्हणजे चूल बंद. या बायकांनी ठरवलं की बाजारात कुठल्याही कुळाच्या बाईला येता आलं पाहिजे. त्यासाठी लक्ष ठेवणारी बायकांची एक समिती केली. कुणी कुणाला हुसकावलं, कुणी शिवी दिली, लगेच दखल, लगेच चर्चा. थोड्याच दिवसांत बाजार सगळ्यांचा झाला.

एवढ्याने बंदुका थांबत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. बाजाराने इतकंच दाखवलं की एक जागा सगळ्यांची राहू शकते. मग त्या कुळांच्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या. इथे अडचण अशी की मोठ्या कुळातला म्हातारा बोलायला उठला की दुसऱ्या मोठ्या कुळाला तो चालायचा नाही. म्हणून पुढे केलं ते एका अगदी छोट्या कुळातल्या वडीलधाऱ्याला. ज्याच्याकडे ना माणसं जास्त, ना बंदुका, त्याची भीती कुणाला? बैठका झाल्या आणि १९९३ मध्येच अल-फताह घोषणापत्र म्हणून ओळखला जाणारा समझोता झाला.

पुढे तरुण आले, व्यापारी आले, सरकारी अधिकारीही आले. १९९५ मध्ये वजीर शांतता आणि विकास समिती बनली आणि जिल्ह्याच्या सरकारी नियोजनाच्या रचनेत तिला जागा मिळाली. कुठे उंट चोरीला गेले, कुठे खून झाला असं कळलं की वडीलधारी, धर्मगुरू, बायका आणि पोलीस यांचं पथक ताबडतोब तिथे जाई. सूड निघण्याआधी पोचणं, हे महत्त्वाचं.

म्हणजे मावशी, तिथली शांतता ही मनाची अवस्था नव्हती. ते घरकामासारखं काम होतं. रोज करायचं आणि एक दिवस चुकलं तर लगेच दिसणारं.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे आणि परिसंवादांत ती बहुधा इथेच थांबवतात. बघा, लोकांनी कसा तग धरला! टाळ्या.

पण पुढेही आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये बगाल्ला इथे शेजारच्या समाजाच्या हल्लेखोरांनी शंभराहून जास्त माणसं मारली. ओळखीपाळखीवर चालणारी समिती ओळखीच्या पलीकडे कमी पडते. दुसरी गोष्ट मला फार बोचते. २००१ मध्ये ईशान्य केनियातल्या समाजांनी मोडोगाशे इथे एक करारनामा केला. त्यात खुनाची भरपाई ठरवली ती परंपरेप्रमाणे, पुरुषामागे १०० जनावरं आणि बाईमागे ५०. जिथे शांततेची सुरुवात बायकांनी केली, तिथे कागदावर बाई अर्धीच.

आणि तिसरी. २००७ च्या अखेरीस निवडणुकीनंतर सगळा केनिया पेटला, हजाराहून जास्त माणसं मेली. तेव्हा नैरोबीत मोजके नागरिक शांततेसाठी एकत्र आले, त्यांत देखा होती. त्याच वर्षी तिला राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला होता. त्याच गटात बेथुएल किपलागाट हे ज्येष्ठ मुत्सद्दी होते. १९८४ मध्ये ते परराष्ट्र खात्यात वरिष्ठ अधिकारी होते आणि वगाल्लाच्या काही दिवस आधी वजीरमध्ये झालेल्या सुरक्षाविषयक बैठकीला हजर होते. पुढे ते सत्यशोधन आयोगाचे अध्यक्ष झाले, तेव्हा याच कारणावरून वादळ उठलं आणि २०१० मध्ये त्यांना काही काळ बाजूला व्हावं लागलं. वगाल्लाशी आपला काही संबंध असल्याचं त्यांनी कायम नाकारलं.

वजीरची मुलगी आणि ते अधिकारी एकाच टेबलाशी, एकाच कामासाठी. २००८ नंतर देशभर जिल्हा शांतता समित्या निघाल्या, त्यांच्यामागे वजीरचा अनुभव होता. देखा २०११ मध्ये मोटार अपघातात गेली.

त्या टेबलाचा विचार मी बरेच दिवस करतेय. शांततेचं काम करायचं तर अशा माणसांबरोबर बसावं लागतं, हे मला पटतं. पण बसणाऱ्याने बसावं आणि लिहिणाऱ्याने १९८४ वगळावं, हे नाही पटत. ज्यांनी एवढं सोसलं, त्यांच्या सोसण्यालाच 'क्षमता' असं नाव दिलं की पुढचा प्रश्न गळून जातो. तो म्हणजे, त्यांना तग धरायला लावलं कुणी? उलट सोय होते. हे लोक तर सांभाळून घेतात, मग पाणी, रस्ते, न्याय यांची घाई कशाला?

माझ्या मार्गदर्शकांना शीर्षकात रेझिलियन्स हवाय. त्यांची बाजूही खरी आहे. हा शब्द असला की निधी मिळतो, लेख छापून येतो. आणि या बायकांना नुसतं 'पीडित' म्हणणं हाही अन्यायच, कारण त्यांनी जे केलं ते भल्याभल्या सरकारांना जमलं नव्हतं. म्हणून शब्द मी ठेवणार आहे. पण प्रकरणाची सुरुवात बाजारापासून करायची नाही, वगाल्लाच्या धावपट्टीपासून करायची, असं ठरवलंय. मार्गदर्शक म्हणाले, वाचक पहिल्या पानावरच दबून जाईल. जाऊ दे. बाजार केवढा मोठा होता, हे त्यानंतरच कळेल.

असो. फारच लांबलं. पुढच्या आठवड्यात प्रकरणाचा खर्डा द्यायचाय आणि सूचीचं काम तसंच पडलंय. 'तग धरणं' याहून बरा मराठी शब्द कुणाला सुचला तर जरूर कळवा, मनापासून हवा आहे.